स्टिअरिंग रॅकची योक स्प्रिंग गोदामातच तुटते : कारण काय असावे?

प्रश्न

चाकण परिसरातील सुट्या भागांच्या एका कारखान्यात मी गुणवत्ता विभाग पाहतो. रॅक-पिनियन स्टिअरिंगमध्ये रॅकला (दातेरी दांड्याला) पिनियनवर (लहान दातेचाकावर) दाबून धरणारी जी योक स्प्रिंग असते, ती अलीकडच्या एका लॉटमध्ये जुळणीनंतर दोन-तीन दिवसांत, म्हणजे गाडीत बसण्यापूर्वीच, तुटू लागली आहे. तार सिलिकॉन-क्रोम, ऑइल टेम्पर्ड (तेलात थंड करून पुन्हा तापवलेली), कडकपणा रॉकवेल सी मापावर ५२ एचआरसीच्या आसपास असून वर झिंकचे इलेक्ट्रोप्लेटिंग आहे. तारेचे प्रमाणपत्र आणि स्प्रिंगचा भार दोन्ही मर्यादेत आहेत. पुरवठादार याला फटीग (वारंवार भार पडून येणारा थकवा) म्हणतो आणि शॉट पीनिंग (पृष्ठभागावर बारीक गोळ्यांचा मारा) वाढवण्यास तयार आहे. हा उपाय योग्य ठरेल का?

उत्तर १

फटीगसाठी भाराची असंख्य आवर्तने लागतात आणि आपली स्प्रिंग तर रस्ता पाहण्याआधीच तुटते आहे. स्थिर भाराखाली काही तासांनी किंवा दिवसांनी अचानक होणारा भंग, त्यात एवढा कडकपणा आणि वर इलेक्ट्रोप्लेटिंग, हे सारे एकत्र आल्यावर पहिला संशय हायड्रोजनमुळे आलेल्या ठिसूळपणाचा घ्यावा. पिकलिंगच्या (गंज-पपडी काढण्याच्या) आम्लात आणि प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन पोलादात शिरतो, आणि स्प्रिंग दाबली गेली की तो सर्वाधिक ताणाच्या जागी सरकून कणसीमांवर (धातूच्या स्फटिक-कणांच्या हद्दींवर) साठतो. साधारण ४० एचआरसीच्या वर हा धोका झपाट्याने वाढतो. भार-चाचणी काही सेकंदांची असल्यामुळे तिच्यात हा दोष सापडत नाही, म्हणून आपले अहवाल स्वच्छ दिसतात. प्लेटिंगनंतर किती वेळाने बेकिंग (हायड्रोजन बाहेर काढण्यासाठी भट्टीत तापवणे) सुरू झाले, किती तापमानाला आणि किती तास चालले, एवढी नोंद मिळवा.

उत्तर २

वरील संशय रास्त आहे. तरीही भंगपृष्ठ पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये, कारण तारेतील लांबट सीम (पृष्ठभागावरील चीर) किंवा ओढताना पडलेला ओरखडाही स्प्रिंगला लवकर संपवतो. कॉइलच्या आतल्या बाजूला ताण मुळातच जास्त असतो (स्प्रिंग इंडेक्स, म्हणजे कॉइलचा सरासरी व्यास भागिले तारेचा व्यास, ४ असेल तर हा वाढीव ताण दाखवणारा वाहल गुणक सुमारे १.४ येतो), त्यामुळे भेग कोणत्याही कारणाची असली तरी बहुधा तिथूनच सुरू होते आणि केवळ जागेवरून कारण ठरत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली भंगाच्या उगमाजवळ फोडलेल्या खडीसाखरेसारखे सुटे कण दिसले तर तो हायड्रोजन समजावा. तारेच्या लांबीला समांतर, काळवंडलेली जुनी भेग दिसली तर तारेच्या पुरवठादाराकडे वळावे.

प्रश्नकर्ता

नोंदी मिळाल्या. प्लेटिंग संध्याकाळी झाले, पॅसिव्हेशनही (झिंकवरचा संरक्षक रासायनिक थर) त्याच पाळीत उरकले आणि भट्टी दुसऱ्या दिवशी सकाळी लागली. बेकिंग २०० अंशांना ४ तास. प्रयोगशाळेच्या छायाचित्रांत उगमाजवळ सुटे कण स्पष्ट आहेत, सीम कुठेही नाही.

उत्तर १

मग शॉट पीनिंगचा विषय येथे गैरलागू आहे. बेकिंग प्लेटिंगनंतर ४ तासांच्या आत, शक्यतो तासाभरातच, सुरू व्हायला हवे. एवढ्या कडक पोलादासाठी १९० ते २२० अंशांना जवळपास २४ तास धरावेत आणि पॅसिव्हेशन त्यानंतर करावे. भट्टीचा काटा २०० दाखवत असला तरी गच्च भरलेल्या टोपलीच्या मध्यभागी तेवढे तापमान पोहोचायला बराच वेळ लागतो. वेळ तिथून मोजावा, हे बहुतेक ठिकाणी कोणी करत नाही. माझे स्पष्ट मत विचाराल तर ५२ एचआरसीच्या स्प्रिंगला इलेक्ट्रोप्लेटिंग देऊच नये. आम्लाऐवजी ब्लास्टिंगने साफ करून झिंक-फ्लेकचा (विजेविना चढवलेल्या झिंकच्या पापुद्र्यांचा) लेप दिला तर हायड्रोजन आत शिरण्याचा मार्गच उरत नाही.

हातातील लॉट पुन्हा बेक करून वाचवण्याच्या भानगडीत पडू नका. पडलेल्या सूक्ष्म भेगा उष्णतेने बुजत नाहीत आणि हा सुरक्षेशी निगडित भाग आहे. नव्या लॉटमधील नमुने घट्ट दाबून किमान ४८ तास ठेवावेत. जुळणी झालेल्या रॅकमधील स्प्रिंगा बदलताना योकचा प्लग (स्प्रिंगला मागून दाबून धरणारे आटेदार झाकण) नुसता पूर्वीच्या खुणेवर आणून कसू नका. नव्या स्प्रिंगसह योकचे अंतर पुन्हा मोजून लावा आणि रॅक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अडखळत नाही ना, हे तपासूनच माल पुढे पाठवा.