गावठी पिल्लू दत्तक घेतलंय, दिवसभर धिंगाणा. घरात कसं रुळवावं?

जुळे_सोलापूर: प्राणीमित्रांकडून गावठी मादी पिल्लू घेतलंय. 3 महिन्यांचं, साडेचार किलो. जंताचं औषध एकदा झालंय, लस एकही नाही. घरात 6 आणि 9 वर्षांची मुलं, आईचे गुडघे दुखतात. संध्याकाळी सातनंतर अंगात आल्यासारखं पळतं, मुलांच्या पोटऱ्यांना चावतं, फरशीवर कुठेही शू करतं. दुपारी गच्चीवर बांधलं तर चालेल का? खायला दूध-भाकरी देतो.

पशुसेवक: गच्ची अजिबात नको. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 42 च्या वर जातो आणि पत्र्याच्या सावलीतही पिल्लाला उष्माघात होतो. जोरजोरात धापा, दाट लाळ, लालभडक हिरड्या दिसल्या तर साधं पाणी अंगावर ओता, पंख्याखाली ठेवा आणि लगेच डॉक्टरांकडे न्या. बर्फाचं पाणी नको.

आता चावण्याचं. खेळताना जरी दात रुतून रक्त आलं, तरी लस न झालेलं पिल्लू आहे हे विसरू नका. इतक्या लहान पिल्लांनाही रेबीज होतो. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा, हळद-चुना काही लावू नका, त्याच दिवशी सिव्हिलला जाऊन इंजेक्शन सुरू करा. आधी चावलं असेल तरी आजच जा, उशीर झाला म्हणून टाळू नका.

पिल्लाला या आठवड्यात पार्व्हो-डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या संसर्गांवरची एकत्रित लस आणि रेबीजची लस डॉक्टरांना विचारून द्या. एकत्रित लसीचा दुसरा डोस 3 ते 4 आठवड्यांनी. तोवर रस्त्यावर, कचराकुंडीपाशी जमिनीवर सोडू नका, कारण पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. मात्र उचलून बाहेर नक्की न्या. रिक्षा, भोंगे, माणसं हे सगळं याच वयात ओळखीचं व्हायला हवं.

पंजा_आणि_पट्टा: संध्याकाळचा धिंगाणा बहुतेक वेळा जास्तीच्या ताकदीचा नसतो, झोप कमी पडल्याचा असतो. या वयाला दिवसाचे 18 तास झोप लागते. भरल्या घरात मुलं सारखी उचलतात, मग पिल्लू किरकिरं होतं. तासभर जागं, मग दीड-दोन तास शांत कोपऱ्यात, असं चक्र लावा. अंथरायला जुनी चादर चालेल, पण टॉवेल नको. त्याचे दोरे निघतात, ते गिळले की आतड्यात अडकतात.

चावलं की ओरडू नका, हातही झटकू नका. तिला तो खेळच वाटतो. खेळ थांबवून अर्धा मिनिट पाठ फिरवा, नंतर चावायचं रबरी खेळणं तोंडात द्या. घरातल्या सगळ्यांनी हेच करायला हवं. एकाने लाड केले तर महिनाभराची मेहनत वाया. आणि आईंच्या पायात येऊ नये म्हणून त्यांच्या चालण्याच्या वेळी पिल्लू फाटकामागे ठेवा.

जुळे_सोलापूर: आधी चावून थोडं रक्त आलं होतं, मुलांना आत्ताच सिव्हिलला नेतोय. फिनाइलने पुसूनही त्याच जागी शू करतं, ते का?

पशुसेवक: वास उरतो म्हणून. शिवाय फिनाइल पायाला लागून चाटलं जातं, ते विषारी आहे. व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून पुसा. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच एकाच ठरलेल्या जागी न्या. एरवी दर दोन तासांनी. शू झाली की तिथेच, त्याच क्षणी खाऊ द्या. घरात आल्यावर दिला तर तिला संबंध कळत नाही. नाक घासणं, मारणं यानं ती लपून शू करायला शिकते.

जंताचं औषध वजनावर, पहिल्यानंतर 15 दिवसांनी पुन्हा, मग 6 महिन्यांपर्यंत दरमहा. गोचीड रोज कानात आणि बोटांमध्ये बघा.

भाकरी_वाला: नुसत्या दूध-भाकरीवर पिल्लू वाढत नाही, प्रथिनं कमी पडतात. म्हशीच्या दुधाने जुलाबही होतात. दिवसातून तीनदा द्या: पिल्लांचं तयार खाद्य पाकिटावरच्या वजनानुसार, वर एखाद वेळी उकडलेलं अंडं किंवा बिनहाडाचं चिकन. भाकरीचा कुस्करा वरून चिमूटभर. शेंगाचटणी-आमटीत कालवलेला घास मात्र कधीच नको. त्यातल्या कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मनुकेही नकोत, हे मुलांना नीट सांगून ठेवा.