अ‍ॅपचे ९० टक्के
एका दादांनी विचारलंय की अ‍ॅप द्राक्षाच्या पानाचा फोटो बघून ‘डाऊनी’ (केवडा, बुरशीचा रोग) सांगतंय, ते ९० टक्के बरोबर असतं, मग फवारणीला उशीर कशाला? अहो, पण ९० टक्के कशाचे? समजा, रोगट १०० पानांतली ९० ते ओळखतं आणि चांगल्या १०० पानांतल्या १० पानांवर उगाच आळ घेतं. तासगावात कोरडं ऊन असताना बागेत हजारात जेमतेम १० पानं रोगट धरा. अ‍ॅप त्यातली ९ पकडणार, पण ९९० चांगल्यांतल्या ९९ पानांवरही बोट ठेवणार. १०८ इशाऱ्यांत खरे फक्त ९! तेच ऑक्टोबर छाटणीनंतर झड लागली, हजारात ३०० रोगट झाली, की ३४० इशाऱ्यांत २७० खरे. अ‍ॅप तेच, हवा बदलली.

आधीची शक्यता आणि नवा पुरावा एकत्र धरायचा, हा थॉमस बेज या इंग्रज पाद्र्याचा नियम, बेज वारल्यावर १७६३ साली छापलेला. पाऊस, रोग, डाग यांच्यातले असे शक्यतांचे दुवे जोडून जाळं करायची रीत संगणकशास्त्रज्ञ ज्युडिया पर्ल यांनी १९८०च्या दशकात मशीनसाठी बसवली. तुमचं अ‍ॅप पाऊस, छाटणीची तारीख विचारतं का? नसेल तर तेलकट डागाचं पान उलटून बघा, खाली पांढरी बुरशी आहे का. दुसरा पुरावा, तोही फुकटात.