सीव्हीत न मावलेलं : आयटीतल्या बायकांचे अनुभव

महिला दिनाला ऑफिसात गुलाबाचं फूल मिळतं, कपकेक मिळतो आणि कुणीतरी मोठ्या पदावरच्या बाई येऊन 'स्वप्नं पाहा' असं सांगून जातात. छानच असतं ते. पण दुसऱ्या मुलाच्या वेळी तुम्ही काय केलंत, ऑनसाइट (परदेशात क्लायंटकडे जाणं) नाकारल्यावर पुढच्या अप्रेझलला काय झालं, हे त्यांना कोणी विचारत नाही. सुधा मूर्तींनी १९७४ मध्ये जेआरडींना पोस्टकार्ड पाठवलं ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. टेल्कोच्या (आताची टाटा मोटर्स) जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं निदान सरळ छापलेलं तरी होतं. आता कोणी छापत नाही. आता "तुला जमेल का गं?" असं काळजीच्या सुरात विचारतात.

म्हणून हा धागा. पगार, रजा, पाळणाघर, सासर-माहेर, मॅनेजर, सगळं येऊ दे. कंपनीचं आणि माणसांचं नाव लिहू नका. गाव, काम आणि साधारण काळ पुरे.

मुंबई, मेनफ्रेम, १९९७ पासून

बीएस्सी झाल्यावर एका खासगी इन्स्टिट्यूटमध्ये कोबॉल ही प्रोग्रॅमिंगची जुनी भाषा शिकले. सीप्झमध्ये नोकरी लागली तेव्हा वायटूकेची धामधूम चालू होती. जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे दोनच आकडे ठेवलेले, त्यामुळे '००' आलं की मशिन १९०० समजणार. सगळीकडे चार आकडे करायला वेळ नसायचा. मग एक आकडा ठरवून त्याच्या खालचं वर्ष २००० नंतरचं आणि वरचं १९०० नंतरचं धरायचं. दिवसभर तारखा शोधा, बदला, तपासा. कंटाळवाणं काम, आणि म्हणूनच की काय, आमच्या टीममध्ये मुली भरपूर होत्या. ३१ डिसेंबर १९९९ च्या रात्री सगळे ऑफिसातच. बाहेर फटाके वाजत होते आणि आम्ही प्रत्येक जॉबचा रिटर्न कोड शून्य, म्हणजे बिनचूक, येतोय ना ते बघत होतो.

२००१ च्या मंदीत जावा या नव्या भाषेत काम करणाऱ्या मैत्रिणी बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, बसल्या, आम्ही 'जुनाट' लोक मात्र कामात. मुलगी झाल्यावर काही वर्षं घरी होते. परत आले तर जेसीएल (मेनफ्रेमवर जॉब चालवायची भाषा) होतं तस्संच! वेबवाल्या मैत्रिणीला तेवढ्या काळात सगळंच नव्याने शिकावं लागलं. ब्रेक घ्यायचा असेल तर आपलं कौशल्य किती वेगाने शिळं होतं हा हिशेब आधी करावा, असं मी प्रत्येक नव्या मुलीला सांगते. त्या हसतात. बँकांचं कोबॉल अजून चालू आहे, त्यामुळे माझंही चालू आहे. मॅनेजर मात्र झाले नाही. त्यासाठी ऑनसाइट जावं लागायचं आणि घरी सासरे अंथरुणाला खिळलेले होते. नवऱ्याला कोणी विचारलंसुद्धा नाही, तो त्याच काळात दोनदा जाऊन आला.

कराडजवळचं गाव, टेस्टिंग, २०१२ पासून

दहावीपर्यंत मराठी माध्यम. इंजिनिअरिंगला पहिलं वर्ष भाषेतच गेलं. कॅम्पसमधून निवड झाली तेव्हा गावात पेढे वाटले. वाकडला तिघींत एक खोली, हिंजवडीचा ट्रॅफिक, आणि पहिला पगार हातात आला त्यातला निम्मा घरी. ट्रेनिंगमध्ये माझे मार्क चांगले होते, डेव्हलपमेंट मागितलं होतं. प्रोजेक्ट देताना सर म्हणाले, "मुलींना टेस्टिंग बरं पडतं, वेळेवर घरी जाता येतं." वेळेवर घरी कधीच गेले नाही. रिलीज असेल तेव्हा डेव्हलपर कोड सोडून निघून जायचा आणि आम्ही पहाटेपर्यंत तपासत बसायचो.

काही वर्षांनी हातानं करायच्या टेस्टिंगची मागणी घसरली. क्लायंट म्हणाला, सगळं ऑटोमेशन करा. टीममधल्या बऱ्याच जणी गळाल्या. मी कंपनीच्या बसमध्ये जावा आणि सेलेनियम हे ऑटोमेशनचं साधन शिकले. हिंजवडी ते घर हा प्रवास इतका लांबायचा की एक धडा आरामात व्हायचा! फेज थ्रीच्या ट्रॅफिकचे उपकार मानणारी मी एकटीच असेन. मग कंपनी बदलली, तेव्हा कुठे पगार माझ्यासोबत लागलेल्या मुलांच्या जवळपास आला. आतल्या आत हाइक मागून तो कधीच आला नसता. ९० दिवसांचा नोटीस पीरियड मात्र जिवावर येतो, नवी कंपनी तेवढं थांबायला तयार नसते.

ठाणे, टेस्ट आर्किटेक्ट

वरच्या ताईंचं पटलं, पण एक टोचलं. टेस्टिंग म्हणजे दुय्यम, हे आपणच का धरून चालायचं? मी स्वतः निवडलं. पेमेंटच्या सिस्टिममध्ये पैसे दोनदा कापले जाणार नाहीत याची खात्री करणं हे डोक्याचं काम आहे. तक्रार हवी ती न विचारता दिल्याची. टेस्टिंगला नावं नकोत.

न्यू जर्सी, २००९ पासून

पुण्यात चार वर्षं डेटाबेसवर काम करत होते. लग्न झालं, नवरा एच-वन या कामाच्या व्हिसावर, मी एच-फोर या बायकोच्या व्हिसावर. एच-फोरवर नोकरी करता येत नाही हे माहीत होतंच. पण सोशल सिक्युरिटी नंबरसुद्धा मिळत नाही, त्यामुळे बँकेपासून फोनच्या प्लॅनपर्यंत प्रत्येक फॉर्मवर मी कुणाची तरी बायको, हे तिथे गेल्यावर कळलं. एडिसनमध्ये आमच्या बिल्डिंगमध्ये अशा बऱ्याच जणी होत्या. इंजिनिअर, सीए, एक दातांची डॉक्टर. दुपारी स्ट्रोलर घेऊन फिरायचो आणि रेसिपींवर बोलायचो, कारण नोकरीचा विषय निघाला की कुणीतरी रडायचं.

मे २०१५ पासून नियम बदलला. नवऱ्याचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर असेल तर बायकोला ईएडी, म्हणजे कामाचा परवाना. आमचा मंजूर होता. शेजारणीच्या नवऱ्याची कंपनी ग्रीन कार्डाचे कागद पुढे सरकवतच नव्हती, ती तशीच घरी राहिली. नवऱ्याच्या मॅनेजरच्या मर्जीवर बायकोची नोकरी! कार्ड हातात आलं तेव्हा मुलगा प्रीस्कूलला जाऊ लागला होता. मुलाखतीत पहिला प्रश्न, "मधली वर्षं रिकामी का?" मी व्हिसाचा नियम समजावून सांगायचे आणि पलीकडचा गोरा मुलगा अविश्वासाने बघायचा, असा नियम असतो हे त्याच्या गावीही नाही. शेवटी एका कन्सल्टन्सीमार्फत सहा महिन्यांचं कंत्राट मिळालं, पुण्यात माझ्या हाताखाली असलेल्या मुलीच्या पातळीवरचं. घेतलं. तिथून पुढे सरकले. २०२१ मध्ये नूतनीकरणं रखडली तेव्हा कार्ड संपलं म्हणून पुन्हा बिनपगारी घरी. त्या वेळी वकिलांपेक्षा व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या बायकांनी जास्त नेमकी माहिती दिली.

पुणे, सपोर्ट, रात्रपाळी

अमेरिकन शिफ्ट. संध्याकाळी निघायचं, पहाटे परत. २००७ मध्ये पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या बीपीओतल्या मुलीवर कॅबच्या ड्रायव्हरने आणि त्याच्या साथीदाराने अत्याचार करून तिचा खून केला. त्यानंतर नियम कडक झाले. आमच्याकडे गाडीत बाई पहिली चढणार नाही, शेवटची उतरणार नाही, एकटी असेल तर गार्ड. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात माझं घर मार्गावर शेवटचं, म्हणून गार्ड यायची वाट बघत कॅब अर्धा तास गेटवर उभी. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि सुरक्षेची सोयही. संमतीचा कागद जॉइनिंगच्या गठ्ठ्यातच असतो, सही केल्याशिवाय लॅपटॉप मिळत नाही.

सोसायटीच्या वॉचमनला माझी वेळ पाठ. काकूंना मात्र अजून वाटतं की मी "कॉल सेंटरला" आहे. मी सर्व्हर सांभाळते, काकू.

*(धागा काढणारीकडून : बाळंतपणाच्या रजेबद्दल बऱ्याच जणींनी विचारलंय. ज्यांनी २०१७ नंतर घेतली त्यांनी लिहा.)*

पुणे, प्रॉडक्ट कंपनी, मुलगा २०१९ चा

मी लिहिते. २०१७ च्या सुधारणेमुळे रजा १२ आठवड्यांची २६ झाली, पगारी. पहिल्या दोन मुलांपर्यंत. माझ्या आईला हे खरंच वाटेना, ती तिसऱ्या महिन्यात मला बहिणीकडे ठेवून शाळेत रुजू झाली होती. रजेत कोणी एक मेल केला नाही, पूर्ण पगार आला. आणि परत गेले तर मी बांधलेलं मॉड्यूल दुसऱ्याकडे, माझ्याकडे 'डॉक्युमेंटेशन बघ'. अप्रेझलला सरासरी रेटिंग, कारण बेल कर्व्हमध्ये, म्हणजे रेटिंगच्या ठरलेल्या वाटपात, कुणाला तरी खाली बसवावंच लागतं आणि अर्धं वर्ष नसलेली बाई सगळ्यांना सोयीची असते. मॅनेजर वाईट नव्हता. त्याने मनापासून सांगितलं, "पुढच्या वर्षी बघू."

पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसात चारदा बाळाकडे जाता यायला हवं, असंही कायदा म्हणतो. आमचं पाळणाघर टायअपवालं, म्हणजे बाहेरच्यांशी करार केलेलं, दोन सिग्नल पलीकडे. चारदा कुठली, एकदाही जाणं होत नसे. दूध काढायला जागा म्हणून मीटिंग रूम बुक करायचे, कॅलेंडरवर 'सिंक-अप' लिहून. टीममधल्या एका मुलाने एकदा विचारलं, मला का बोलवत नाही या मीटिंगला?

पाळणाघर, बाई, कॅब हा खर्च माझ्या पगारातून वजा करून घरात हिशेब मांडला गेला, "मग उरतं काय?" मुलगा दोघांचा, तर खर्च दोघांच्या पगारातून वजा करा, एवढं मी म्हटलं. तो कागद फाडला. नोकरी सोडली नाही.

अंतर्गत समितीवर काम केलेली

थोडक्यात. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे ही समिती हवीच, अध्यक्ष बाई आणि एक सदस्य बाहेरचा. तक्रार लेखी आणि घटनेपासून तीन महिन्यांत करावी लागते, कारण पटलं तर समिती ती मुदत आणखी तीन महिने वाढवू शकते. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. बहुतेक मुली उशिरा येतात, प्रोजेक्ट संपल्यावर. चॅट, मेल, तारखा लगेच जपून ठेवा, आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवू नका. तो परत द्यावा लागतो.

कुडाळ, बॅकएंड, २०२० पासून घरून

मार्च २०२० मध्ये मुंबईहून इथे आले ती इथलीच झाले. पावसाळ्यात लाइट जाते, इन्व्हर्टर आणि दोन कंपन्यांचं इंटरनेट घेतलंय. ऑगस्टमध्ये गणपतीच्या धामधुमीतही रिलीज दिलीय, आई आरतीला हाका मारत असताना. आईला गुडघ्यांचा त्रास, मी इथे असल्यामुळे निभतं. गेल्या वर्षी बढतीही मिळाली, म्हणजे काम अडत नाहीये.

आता मेल आलाय, आठवड्यातून तीन दिवस ऑफिस. अपवाद हवा तर कारण कळवा. सोमवारी एचआरशी कॉल आहे. मॅनेजर तोंडी म्हणतो, "मी सांभाळून घेईन." पण तो जून महिन्यात बदलतोय. कोणी घरून काम लेखी मंजूर करून घेतलं असेल तर मेलमध्ये नेमकं काय लिहून घेतलंत, मुदत घातली का, पगार कापला का, ते रविवारपर्यंत टाका.