डोकं तल्लख राहावं म्हणून तुम्ही रोज काय करता?

मंडळी, साठी जवळ आली की बदाम भिजवून खा, ब्राह्मी घ्या, कोडी सोडवा असे सल्ले सगळीकडून मिळतात. इथे सल्ले नकोत. तुम्ही स्वतः किंवा तुमच्या घरातलं कोणी वर्षानुवर्षं काय करत आलं आहे आणि त्याने नेमका काय फरक पडला, ते लिहा. वयाची अट नाही. उपयोग झाला नसेल तर तेही लिहा.

सुरुवात मी करते. वाण्याकडे जायची यादी मी कागदावर लिहिते, घडी करून पर्समध्ये ठेवते आणि दुकानात तो कागद न काढता सामान सांगते. पैसे द्यायच्या आधी कागद उघडून ताळा करते. यादी करताना घरातून एक फेरी मारते: ओट्याखालचे डाळ-तांदळाचे डबे, मग मिसळणाचा डबा, मग फडताळ, शेवटी न्हाणीघर. दुकानात उभी राहून मनातल्या मनात तीच फेरी पुन्हा मारली की जिन्नस आपोआप समोर येतात. जुने ग्रीक आणि रोमन वक्ते लांबलचक भाषणं अशीच वास्तूच्या खोल्याखोल्यांत मांडून लक्षात ठेवत. सिसेरोने त्याबद्दल लिहून ठेवलं आहे.

मला यातला महत्त्वाचा भाग वाटतो तो कागद न बघता आठवण्याचा. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आठवताना जो जोर लागतो तोच कामाचा, असं माझं ठाम मत झालं आहे. तुमचे अनुभव याला धरून आहेत की वेगळं सांगतात, ते वाचायचं आहे.

नाशिक, निवृत्त रोखपाल

माझी सवय पाढ्यांची. वडिलांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी (औट म्हणजे साडेतीन) असे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ असायचे. आम्ही शाळेत दिडकीपर्यंत कसेबसे पोचलो. नोकरीत मशीन आलं आणि तेही मागे पडलं. निवृत्त झाल्यावर वडिलांची जुनी अंकलिपी काढली आणि औटकीपर्यंतचे सगळे पाढे केले. सात औट साडेचोवीस, हे आता झोपेतून उठवलं तरी येतं.

बाजारात रोज उपयोग होतो. सव्वा किलो वांगी, ४८ चा भाव, म्हणजे ६०. अडीच किलो कांदे ३६ ने, म्हणजे ९०. पिशवीत भाजी पडत असताना बेरीज मनात चालू ठेवायची. आमची भाजीवाली मावशी शाळेत गेलेली नाही, पण तोंडी हिशेबात तिचा हात धरणारं कोणी नाही. आम्ही दोघं एकदमच आकडा बोलतो.

एक निरीक्षण सांगतो. पाढा एकदा बसला की तो जिभेवरून घरंगळतो, डोक्याला काम उरत नाही. म्हणून मी आता खालून वर म्हणतो. २९ चा पाढा २९० पासून उतरत या. मन जरा इकडेतिकडे गेलं की गाडी तिथेच अडते. माझ्या दृष्टीने फायदा झाला तो एकाग्रतेचा. वर्तमानपत्रातला लांब लेख पूर्वी अर्ध्यावर सुटायचा, आता शेवटपर्यंत वाचून होतो.

कुडाळ, सिंधुदुर्ग

माझे काका दशावतारात काम करायचे. बाहेरच्या लोकांना सांगितलं तर पटत नाही, पण दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते. रात्री कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, ‘आज तुका नारद करूचो आसा’ एवढं सांगितलं जातं, आणि नट तोंडाला रंग लावायला बसतो. पुढचे कित्येक तास जे संवाद होतात ते रंगमंचावर, समोरच्या नटाच्या वाक्यावर वाक्य रचून. पुराणातल्या कथा, कोणाचा शाप कोणाला, कोणाचा वर कोणी दिला, हे सगळं डोक्यात असल्याशिवाय तिथे उभंच राहता येत नाही. समोरचा देवेंद्र काय विचारील याचा नेम नसतो, त्यामुळे ऐकावंही तेवढंच लागतं.

काका आता ऐंशीच्या पुढे आहेत, पायांनी थकले. पण संध्याकाळी दिवेलागणीला नातवंडांना एक कथा सांगतात, पुस्तक न घेता. दुसऱ्या दिवशी तीच कथा मुलांनी त्यांना सांगायची आणि मध्ये काका उलटसुलट प्रश्न विचारणार: “अरे, पण तेव्हा द्रोण कुठे होते?” मुलं तयार होतातच, पण खरी तालीम काकांची होते. पावसाळ्यात नाटकं बंद असत तेव्हाही ते शेतात नांगर धरून संवाद म्हणत, असं आजी सांगायची. मीही हल्ली रोज रात्री मुलीला दिवसभरात वाचलेली एक बातमी सांगतो, नावं आणि ठिकाणांसकट. वाचताना आता डोळे आपोआप बारकाईने फिरतात, कारण रात्री कोणाला तरी सांगायचं आहे हे माहीत असतं.

सांगली

आम्ही बायका दुपारी मेंढीकोट खेळतो. चौघी, दोन जोड्या, प्रत्येकीला तेरा पानं. दश्श्या म्हणजे मेंढ्या कोणाकडे गेल्या, हुकुमाची किती पानं पडली, इस्पिकाचा एक्का बाहेर आला की नाही, हे लक्षात ठेवलं नाही तर जोडीदारीण बोलायला कमी करत नाही. मोबाइलवरही पत्ते खेळून पाहिले, पण तिथे पडलेली पानं दिसत राहतात आणि बोलायला माणूस नसतं. आमच्यातली एक जण यजमान गेल्यावर घराबाहेरच पडेनाशी झाली होती. तिला ओढून आणलं. पहिले काही दिवस हुकूम काय आहे तेही विसरायची. आता सगळ्यात पक्की तीच आहे. पत्त्यांमुळे की माणसांत आल्यामुळे, ते मला वेगळं काढून सांगता येणार नाही.

पुणे

माझा अनुभव जरा वेगळा, पण लिहिलाच पाहिजे. वडील हळूहळू गप्प होत गेले. विचारलं एक की उत्तर दुसरंच. सांगितलेलं विसरायचे. आम्ही घरात ठरवून टाकलं की हे वयाचं आहे, आणि त्यांना कोडी, सुडोकू आणून दिली. ते त्यांना हात लावीनात.

शेवटी एका डॉक्टरांनी सगळं नीट तपासलं. दोन्ही कानांनी बरंच कमी ऐकू येत होतं आणि रक्तात बी-१२ खूप खाली होतं. आम्ही शुद्ध शाकाहारी, त्यात त्यांनी दूधही सोडलेलं. बी-१२ कमी पडलं तर विसराळूपणा येतो, पायांना मुंग्या येतात, चाल डळमळते. थायरॉइड बिघडलं तरी असंच सुस्त व्हायला होतं. इंजेक्शनं सुरू झाली, श्रवणयंत्र बसलं. जे बोलणं कानापर्यंत पोचलंच नव्हतं, ते विसरले म्हणून आम्ही त्यांना टोकत होतो.

विस्मरणाच्या आजारावर ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये जो अहवाल दिला, त्यात आटोक्यात ठेवता येण्याजोगी १४ कारणं दिली आहेत. कमी ऐकू येणं, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा, व्यायाम नसणं ही त्यातली काही. अधू दृष्टी आणि वाढलेलं एलडीएल कोलेस्टेरॉल यांची त्यात नव्याने भर पडली. या सगळ्यांकडे वेळेत लक्ष दिलं तर जवळपास ४५ टक्के रुग्णांमध्ये आजार टळू किंवा लांबू शकतो, असा त्यांचा अंदाज आहे. वडिलांची आता रोजची सवय कोणती, तर सकाळी उठल्याबरोबर यंत्र कानात घालणं. ते आळसाने डब्यात राहिलं तर बाकीच्या सवयींचा काही उपयोग नाही. घरात कोणी विसरायला लागलं असेल तर कोडी आणण्याआधी कान, डोळे आणि रक्त तपासा, ही कळकळीची विनंती.

पंढरपूर

हे लिहावं की नाही, विचार करत होते. माझ्या आईने वर आलेल्या बहुतेक गोष्टी आयुष्यभर केल्या. पहाटे उठणं, देवळापर्यंत चालत जाणं, हरिपाठ तोंडपाठ, हिशेब तोंडी, घरात माणसांचा राबता. तरी तिला विस्मरणाचा आजार झालाच. आता ती मला कधी बहीण समजते, कधी शेजारीण.

भेटायला येणारे म्हणतात, “डोक्याला चालना द्यायला हवी होती.” ते ऐकून फार वाईट वाटतं. सवयींनी धोका कमी होत असेल, पण ज्याला आजार झाला त्याने काही कसूर केली होती असा अर्थ कोणी काढू नये. आईचं एक मात्र सांगते. माझं नाव तिला येत नाही, पण हरिपाठाचं पहिलं चरण मी म्हटलं की पुढचा सगळा अभंग ती म्हणते, चालीसकट. तेवढा वेळ आम्ही दोघी मिळून काहीतरी करत असतो. अंघोळ घालताना, वेणी घालताना मी तेच सुरू करते आणि ती शांतपणे घालून घेते. तिने लहानपणी पाठ केलं नसतं तर आज माझ्या हाताशी हे काहीच नसतं.

(पंढरपूरच्या ताई, बरं झालं लिहिलंत. रुग्णाच्या माथी दोष मारणारी वाक्यं आपण सगळ्यांनीच टाळली पाहिजेत. पुण्याचा आणि तुमचा अनुभव एकत्र वाचावा असं मी सगळ्यांना सांगेन.)

लंडन

इथे काळ्या टॅक्सीचा परवाना हवा असेल तर चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आतले सुमारे २५ हजार रस्ते डोक्यात बसवावे लागतात. या परीक्षेला ‘नॉलेज’ म्हणतात. तयारीला काही वर्षं लागतात, उमेदवार स्कूटरवर हातात नकाशा घेऊन फिरताना दिसतात. मेंदूशास्त्रज्ञ एलिनॉर मॅग्वायर यांनी २००० साली या चालकांचे मेंदू तपासले, तेव्हा जागेची स्मृती सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा आढळला. मुळातच तसा मेंदू असलेले लोक या धंद्यात येतात का, अशी शंका राहते. म्हणून पुढे २०११ च्या अभ्यासात शिकाऊ चालकांना आधी आणि नंतर असं दोनदा तपासलं. परीक्षा पास झाले त्यांच्यात वाढ दिसली, नापास झाले त्यांच्यात नाही.

ते वाचल्यापासून मी नव्या ठिकाणी जाताना घरी नकाशा बघतो, वळणं मनात म्हणतो आणि फोन खिशात ठेवून निघतो. परत येताना शक्यतो वेगळा रस्ता. सुट्टीत ठाण्याला आलो की भाचे फोन पुढे करतात, मी मात्र पिंपळाच्या पारावरून डावीकडे, गिरणीपाशी उजवीकडे असाच जातो.

अमरावती, परिचारिका

मला पाठांतर वगैरे काही जमत नाही. माझ्या दोनच गोष्टी, चालणं आणि झोप. दिवसभरात शिकलेलं पक्कं होण्याचं बरंच काम मेंदू झोपेत करतो. रात्रपाळीच्या आठवड्यात औषधांची नावं जिभेवर येऊन अडतात, हे आम्ही सगळ्याच जणी अनुभवतो. तेव्हा मी दिवसा खोलीत काळोख करून झोप पूर्ण करते, नातेवाईक आले तरी. चालण्याबद्दल एरिकसन यांचा २०११ चा अभ्यास आहे. वयस्क लोकांनी वर्षभर आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं भरभर चालल्यावर त्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्के वाढला होता. नुसते अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात तो थोडा घटला. कोड्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: सुडोकू सोडवून माणूस सुडोकूत हुशार होतो. आवड असेल तर जरूर सोडवा, पण चालायचं सोडून नको.

कोल्हापूर

निवृत्तीनंतर मोडी शिकलो. घरात पणजोबांच्या वेळचे कागद होते, कोणालाच वाचता येत नव्हते. मोडीत आधी रेघ ओढून घेतात, अक्षरं एकात एक गुंफलेली, शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळलेला नसतो. त्यामुळे शब्द कुठे तुटतो हे अर्थावरून ताडावं लागतं. रोज सकाळी एक ओळ. कधी ती अर्ध्या तासात लागते, कधी तीन दिवस अडून बसते आणि अंघोळ करताना एकदम उलगडते. शेताच्या वाटणीचा कागद वाचून काढला त्या दिवशीचा आनंद मोठा होता. नवीन लिपी शिकायला वय आड येतं हे मला पटत नाही. वेग कमी असतो, इतकंच.

डोंबिवली

एक विचारायचं आहे. पंढरपूरच्या ताईंचं वाचून मनाचे श्लोक पाठ करावेसे वाटतात. वय ६१. लहानपणी काहीच पाठ केलेलं नाही. सुरुवात कशी करावी?

वाई

मी वेदपाठशाळेत शिकलो आहे, म्हणून सांगतो. संथा, म्हणजे नवा पाठ देताना गुरुजी एकदा म्हणत, आम्ही दोनदा. पोथी नंतर, कान आधी. वेद म्हणण्याच्या घनपाठ या पद्धतीत तर पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला, परत पहिला-दुसरा-तिसरा असे शब्द उलटसुलट फिरवून म्हणायचे, म्हणजे एक अक्षरही निसटत नाही. तुम्हाला एवढं करायची गरज नाही.

श्लोक २०५ आहेत. रोज अर्धा, म्हणजे दोन चरणं घ्या. कोणाकडून तरी ऐका, दोनदा मोठ्याने म्हणा, मग पुस्तक मिटून म्हणा. झोपण्यापूर्वी एकदा. दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडायच्या आधी कालचं म्हणून बघा, अडलात तरी लगेच डोकावू नका, थोडं थांबा. नंतर तेच तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. विसरण्याचा वेग सुरुवातीला सगळ्यात जास्त असतो हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच मोजून दाखवलं होतं, म्हणून पहिल्या उजळण्या जवळजवळ हव्यात. रविवारी नवीन काही घेऊ नका. आठवड्याभराचं सगळं एका बैठकीत म्हणा, आणि समोर कोणाला तरी पुस्तक हातात देऊन बसवा.