मदत हवी आहे: बुरशी लागलेली व्हीएचएस आणि बेपत्ता हक्कदार

ठाण्यातल्या नौपाड्यातलं घर पुनर्विकासाला जातंय. माळा उपसताना वडिलांची एक जुनी व्हीएचएस (व्हिडिओ) कॅसेट सापडली. १९८७ मधल्या एका मराठी मालिकेचे चार भाग त्यांनी टीव्हीवरून उतरवून घेतले होते. लेबलवर त्यांच्या अक्षरात तारखा आहेत. त्या काळी टेप महाग, टीव्ही केंद्रात पुसून पुन्हा वापरायचे. या भागांची मूळ टेप उरलेली नाही, असं मालिकेतल्या एका ज्येष्ठ अभिनेत्रीने सांगितलं. म्हणून ही कॅसेट वाचवायलाच हवी.

कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडेला पांढरी बुरशी दिसते. घरचा व्हीसीआर अजून चालतो, पण कॅसेट मुद्दाम लावलेली नाही. टेप तुटेल, व्हीसीआरच्या हेडलाही (टेप वाचणाऱ्या भागाला) बुरशी लागेल. स्टेशनजवळच्या दोन्ही दुकानांत 'तशीच चालवून पेनड्राइव्हवर देतो' म्हणाले. नको म्हटलं. कुरिअरने पाठवायची नाही. समोर बसून काम होणार असेल तर ऐरोली-वाशीपर्यंत येईन.

पुढे वाचनालयात या भागांचा एक विनातिकीट खेळ लावायचा आहे. चित्रीकरणाचा कॉपीराइट ६० वर्षं, म्हणजे अजून चालू. निर्माते वारले, संस्था बंद, वारसांचा पत्ता नाही. लेखकाच्या मुलीने लेखी होकार दिलाय. वकिलांनी कॉपीराइट कायद्याचं कलम ३१अ सुचवलं: मालक सापडत नसेल तर वर्तमानपत्रात जाहीर सूचना देऊन परवाना मागता येतो.

टेप उघडून आधी बुरशी साफ करणारं, मगच चालवणारं ठाण्यात किंवा नवी मुंबईत कुणी आहे का? आणि ३१अ खाली प्रत्यक्ष परवाना कुणी मिळवलाय का, अर्ज कुठे केलात?