बायकोच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकावं का?

खडकवासलेकर

बायको मराठी शाळेत शिकवते. तिचा लॅपटॉप २०१६ चा आहे : सहाव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम. गेल्या वर्षी मी एसएसडी (वेगवान डिस्क) बसवून दिली, मशीन ठणठणीत आहे. पण विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. मी स्वतः बारा वर्षं विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टम वापरतोय, म्हणून तिचाच मिंट हा प्रकार टाकायचं म्हणतोय. फुकट आहे, मेनू विंडोजसारखाच खाली डाव्या कोपऱ्यात, आणि मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार. ती म्हणते, "आहे ते चालू दे ना." चांगला लॅपटॉप भंगारात घालायला माझं मन धजत नाही. तुम्ही काय कराल?

चाफेकळी

नका टाकू. मीही शिक्षिका आहे. आमच्याकडे नवऱ्याने एका शनिवारी असंच "बघ किती फास्ट झालं" म्हणत बदलून दिलं. खरंच फास्ट झालं होतं. सोमवारी तो कामाला बंगळूरला गेला आणि रात्री मी घटक चाचणीची प्रश्नपत्रिका उघडली, तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. वर्षानुवर्षांच्या फायली जुन्या मराठी फाँटमध्ये होत्या. अकरा वाजता व्हिडिओ कॉलवर तो सांगतोय, "टर्मिनल उघड, मी सांगतो ते टाइप कर." एक स्पेस चुकली की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी प्रश्नपत्रिका हाताने लिहिली आणि सकाळी झेरॉक्स काढली. वर्गात मुलांसमोर उभं मला राहायचं होतं, त्याला नाही.

डोंबिवलीची

चाफेकळी, त्रास झाला हे मान्य, पण दोष लिनक्सचा नाही. जुने फाँट युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला कोड देणाऱ्या पद्धतीच्या, आधीचे. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात, म्हणून फाँट नसला की विंडोजवरही तेच दिसतं. फाँटची फाइल कॉपी करून टाकली की बहुतेक मजकूर लिनक्सवरही वाचता येतो.

आमच्या घरी उलटं आहे. संगणकातलं मला कळतं, नवऱ्याला नाही. त्याचं रंगाचं दुकान आहे. तीन वर्षांपूर्वी त्याला मिंट दिलं. ब्राउझर, बँक, व्हॉट्सअॅप वेब, कोटेशनचं शीट, एवढंच त्याचं काम. तीन वर्षांत मला दोनदा हाक मारली. आधी विंडोजवर कुठूनतरी काहीतरी डाउनलोड व्हायचं आणि दर महिन्याला माझा रविवार त्यात जायचा.

चाफेकळी

वाचता येईल हो, पण टाइप? त्या फाँटचं टायपिंगचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं. माझी बोटं टाइपरायटरच्या मांडणीवर बसलेली आहेत. इनस्क्रिप्ट, म्हणजे युनिकोडची ती वेगळी कळफलक मांडणी, शिकायचं तर ऐन परीक्षेत नाही. आणि तुमच्या नवऱ्याचं काम ब्राउझरमध्ये आहे, माझं फायलींमध्ये. दोघांना एकच माप कसं लावता?

अंबाजोगाई

धागाकर्त्यांना दोन गोष्टी. घरगुती विंडोज १० ला नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. तेवढी मुदत वापरा, म्हणजे भर सत्रात घाई नको. दुसरं, मिंट पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं, डिस्कला हात लावावा लागत नाही. मात्र तिला बसवा, तुम्ही बसू नका. अपडेट बंद झालेल्या विंडोजवर बँक उघडत राहणं मला बिलकूल पटत नाही, तेव्हा "आहे ते चालू दे" हेही कायमचं उत्तर नाही.

खडकवासलेकर

काल रात्री पेनड्राइव्ह लावला आणि तिला खुर्चीत बसवलं. मी शेजारी, हात मांडीवर. प्रिंटर पहिल्याच फटक्यात सापडला, तेव्हा माझ्या बाजूने कौल लागला असं वाटलं. मग तिने "दुसऱ्या सत्राची" लिहायला घेतलं आणि "दुसर्या"वर अडली. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे, मग डी, मग य, हे मला माहीत होतं. ती मात्र माझ्याकडे न बघता कळफलकावर ते शोधत राहिली. "हे असं किती वेळा लागतं माहितीये तुला? तिसऱ्या, चौथ्या ओळीत, विद्यार्थ्याने, सगळीकडे जोडाक्षरं."

मला माहीत नव्हतं. तिच्या फोल्डरमध्ये नुसत्या प्रश्नपत्रिका ३४० निघाल्या, तेही मी काल पहिल्यांदा पाहिलं.

चाफेकळी, तुमचं टायपिंगबद्दलचं म्हणणं मी उडवून लावणार होतो, आता नाही. सध्या विंडोज १० ची नोंदणी केली आहे. मे महिन्याच्या सुट्टीत ती रोज अर्धा तास इनस्क्रिप्ट शिकून बघणार आहे, आणि जमलं नाही तर नवा विंडोजचा लॅपटॉप घ्यायचा. ठरवणार ती.

डोंबिवलीची

सुट्टी लागायच्या आधी जुने फाँट आणि त्या ३४० फायली दोन ठिकाणी कॉपी करून ठेवा. युनिकोडमध्ये बदलताना जोडाक्षरं आणि रफार तुटतात, तेव्हा मूळ फायली पुसू नका.