मुलगी ११ वर्षांची झाली, आता नेहमीचे डॉक्टर बदलायचे का?

दुपारची सावली

मुलीला गेल्या महिन्यात ११ पूर्ण झाली. जन्मापासून तिला एकच डॉक्टर बघतात. आम्ही सगळे त्यांना डॉक्टरकाका म्हणतो. ती १४ महिन्यांची असताना तापात तिला झटका आला होता, तेव्हा रात्री दोन वाजता फोन उचलून त्यांनी मला एकेक गोष्ट सांगितली: कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. तो आवाज मी विसरूच शकत नाही.

दोन आठवड्यांपूर्वी अंघोळ झाल्यावर तिने मला आत बोलावलं. डाव्या स्तनाग्राखाली शर्टाच्या बटणाएवढी घट्ट गाठ, हात लागला की दुखते. उजवीकडे काहीच नाही. माझ्या पोटात गोळा आला. दुसऱ्याच दिवशी तिला काकांकडे नेलं. ते नेहमीसारखंच म्हणाले, "टी-शर्ट जरा वर घेतेस का बाळा?" तिने टी-शर्टची कड दोन्ही मुठींत आवळून धरली आणि भिंतीवरच्या उंची मोजायच्या जिराफाकडे बघत राहिली. रडली नाही, काही बोलली नाही. काकांनी हात मागे घेतला. "राहू दे, आज नको," म्हणाले. बहुतेक वयात येण्याची सुरुवात आहे, घाबरण्यासारखं वाटत नाही, पण एकदा कोणीतरी तपासलेलं बरं, तिला चालेल त्या डॉक्टरांना दाखवा, असं त्यांनीच सांगितलं.

घरी आल्यावर ती एवढंच बोलली, "मी तिथे परत येणार नाही."

नवरा म्हणतो डॉक्टर तो डॉक्टर, त्यात बाई-पुरुष काय बघायचं. बहीण म्हणते आजच्या आज लेडी डॉक्टर शोध. मला दोघांचंही पटतं आणि दोघांचंही पटत नाही. ज्यांनी तिला इतकी वर्षं सांभाळलं त्यांना असं सोडायचं? आणि आत्ता बदलले, तर पुरुष डॉक्टर म्हणजे भीतीची गोष्ट असं तिच्या डोक्यात कायमचं बसेल का? तुमच्याकडे मुलं या वयाची झाली तेव्हा काय केलंत?

कोपऱ्यातली खिडकी

मी २४ वर्षांची आहे, मला मुलं नाहीत, तरी लिहिते. मी १२ वर्षांची असताना आईने माझे डॉक्टर असेच बदलले. मला न विचारता. नव्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी बोलता बोलता माझा फ्रॉक वर केला आणि माझ्या डोक्यावरून आईशी माझ्या वजनाबद्दल बोलत राहिल्या. मला माझे जुने डॉक्टर हवे होते. ते स्टेथोस्कोप लावायच्या आधी हातावर घासून गरम करायचे आणि "लावू का?" विचारायचे. बाई आहेत म्हणून आईला हायसं वाटलं, मला नाही. तुमच्या मुलीला डॉक्टर बदलायचेत, की त्या दिवशी तेवढं नको होतं, हे आधी तिच्याकडून कळू द्या.

दोन मुलगे

ताई, माझा अनुभव मुलाचा आहे आणि तो लिहिताना आजही हात थरथरतो.

मोठा १० वर्षांचा झाला तेव्हा आम्ही मुद्दाम पुरुष डॉक्टर बघितले. म्हटलं, मुलगा आहे, पुढे बोलायला त्याला मोकळं वाटेल. १३ व्या वर्षी एका संध्याकाळी तो वाकून चालत आला, पोटात दुखतंय म्हणाला. लगेच घेऊन गेलो. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, कुठे दुखतंय विचारलं. त्याने बेंबीच्या खाली बोट दाखवलं. मी शेजारीच उभी होते, त्याची पिशवी हातात धरून. औषध घेऊन परत आलो. पहाटे उलट्या सुरू झाल्या, तेव्हा वडिलांना हळूच म्हणाला, "पोटात नाही, खाली दुखतंय."

वृषणाला पीळ बसला होता. रक्तपुरवठा बंद पडतो. साधारण ६ तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर वृषण बहुतेक वेळा वाचतं, पुढे आशा झपाट्याने कमी होते. आम्ही पोचलो तेव्हा दहा तास होऊन गेले होते. एक काढावं लागलं. दुसरं नीट आहे, त्याची वाढ व्यवस्थित चालू आहे, तो खेळतो, हसतो. पण त्याने नंतर मला जे सांगितलं ते ऐका: "डॉक्टरांना सांगितलं असतं गं, पण तू तिथे होतीस."

डॉक्टर पुरुषच होते. मी खोलीत होते, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. आणि त्या अवयवाला काय म्हणायचं हेही त्याला आम्ही कधी सांगितलं नव्हतं, लहानपणीचा बोबडा शब्द सोडून. धाकट्याला आता सगळे शब्द माहीत आहेत. तो आत गेला की काही वेळ मी बाहेर बाकावर बसते.

पांढरा पडदा

मी २२ वर्षं बालरोग विभागात परिचारिका आहे. आधी गाठीचं सांगते, कारण तुमची झोप तिथेच उडाली असणार. मुलींमध्ये वयात येणं साधारण ८ ते १३ या वयात कधीही सुरू होतं आणि बहुतेक वेळा पहिली खूण हीच असते. ती बऱ्याचदा एका बाजूला आधी येते, दुसरी काही महिन्यांनी. दुखतेही. पहिली पाळी बहुधा त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी. घरी ती गाठ सारखी दाबून बघू नका. लाल झाली, पू आला, ताप आला, तर मात्र थांबू नका. मुलग्यांच्याही छातीत या वयात अशी गाठ येऊ शकते. शर्ट काढायला नको म्हणून पोहायला जाणं बंद केलेली मुलं मी पाहिली आहेत.

आता तुमच्या प्रश्नाकडे. सर्दी, कान, घसा, लस यांसाठी कपडे काढावे लागत नाहीत. छातीचा आवाज पाठीवरून, शर्टाच्या आतून हात घालून ऐकता येतो. पाठीचा कणा बघायला मुलीला पुढे वाकायला सांगतात, तेव्हा पाठ तेवढी उघडी लागते. म्हणजे फारच थोड्या तपासण्या अशा असतात की जिथे बाई की पुरुष हा प्रश्न खरोखर येतो. तेवढ्यासाठी दुसऱ्या डॉक्टर बघितल्या आणि बाकीचं काकांकडेच ठेवलं, तर काही बिघडत नाही. फक्त उंची-वजनाच्या नोंदींची फाइल एकच ठेवा. वाढीचा आलेख तुटला तर डॉक्टर बाई असोत की पुरुष, त्यांना अंदाज येत नाही.

छातीची किंवा खालच्या भागाची तपासणी असेल तेव्हा खोलीत तिसरी व्यक्ती असावी असा शिरस्ता आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्ये लेखी शिफारस केली, त्यातही किशोरवयीन मुलांच्या बाबतीत हा निर्णय डॉक्टर आणि रुग्ण दोघांनी मिळून घ्यावा असं आहे. तिला आई हवी, की नर्स हवी, हे तिला विचारा. मी चादर देते, पडद्याकडे तोंड करते, आणि बघायचा असेल तेवढाच भाग उघडा करायला सांगते. "थांबा" म्हणालीस की आम्ही थांबणार, हे आधीच सांगते. तातडीचं नसेल तेव्हा तपासणी पुढच्या खेपेला गेली तरी चालते. तुमच्या डॉक्टरकाकांनी तेच केलं. त्यांना सोडावंसं वाटत असेल तर सोडा, पण त्यांनी काही चूक केली म्हणून नको.

अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर विचारा: तपासणी कोण करणार, नर्स असते का, मुलीला काही वेळ एकटीने बोलता येईल का. शेवटच्या प्रश्नाला जिथे लगेच "हो" येतं, तिथे जा.

दुपारची सावली

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत. "दोन मुलगे", तुमचं वाचून मी किती तरी वेळ बसून होते.

काल रात्री तिचे केस विंचरताना विचारलं. ती माझ्याकडे पाठ करून बसलेली असते तेव्हा जास्त बोलते. म्हटलं, डॉक्टर कोण हवेत हे तू ठरव. बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, काका चांगले आहेत, पण "ह्याच्यासाठी" नकोत. खोकल्याला चालतील. मी म्हटलं ठीक. मग म्हणाली, "आणि तू मावशीला फोनवर सांगितलंस ना, ते मी ऐकलं."

इतके दिवस मी डॉक्टर बाई की पुरुष यावर घोळ घालत होते आणि तिच्या मनात हे होतं. मी तिची माफी मागितली. तिने विचारलं, बाबांना माहीत आहे का. हो, मी म्हणाले. ती गप्प झाली, पण उठून गेली नाही.

गुरुवारची वेळ मिळाली आहे, बाई डॉक्टर आहेत. तपासणीच्या वेळी नर्स चालेल म्हणाली, मी बाहेर. जे बोलता येणार नाही ते लिहून नेते म्हणाली, आणि वहीचं पान फाडून तिने लिहिलंही. ते घडी घालून तिच्या दप्तरात आहे, मी बघितलेलं नाही. आज काकांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, फाइलची प्रत काढून ठेवतो, कधीही घेऊन जा.